वाघनखं, यासुके आणि दिवाळीतला किल्ला : इतिहासावरचा गेम कसा पाहायचा?

२०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. तेव्हा नववीतल्या भाच्याला घेऊन मी रांगेत उभा होतो. पावसाची भुरभुर, लांबलचक रांग, पुढे शाळेची पोरं. शेवटी काचेपाशी पोचलो. तो क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, हे तर हिडन ब्लेड!"

घरी आल्यावर त्याने यूट्यूबवर मला दाखवलं. 'असॅसिन्स क्रीड' नावाच्या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला नायक मनगटाखाली एक पातं बांधतो. हात मोकळा दिसतो, पण मनगट झटकलं की पातं बाहेर येतं. मिठीत घेताना दिसू नये म्हणून तळहातात लपवलेली वाघनखं आणि हे पातं, दोन्हींमागची कल्पना एकच. त्याच्या डोक्यात हा धागा जुळला याचं मला कौतुक वाटलं.

त्याचा दुसरा प्रश्न मात्र जास्त मोलाचा होता. "पण हीच ती आहेत का? अफझलखानाच्या वेळची?"

याचं उत्तर सरळ नाही. ही वाघनखं ज्या डबीतून आली, तिच्यावरचा इंग्रजी मजकूर सांगतो की जेम्स ग्रँट डफ साताऱ्यात रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानाने ती त्याला दिली आणि शिवाजी महाराजांनी याच नखांनी 'मोगल' सेनापतीला मारलं. अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. म्हणजे डबीवरच्या मजकुरातच चूक आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी वापरली ती हीच, याची खात्री करता आलेली नाही, असं ते म्युझियमही सांगतं. १० नोव्हेंबर १६५९ ला भेट झाली आणि खान मारला गेला, हे पक्कं. वाघनखं वापरली, हे बखरींत आहे. काचेच्या पेटीतली नखं हीच, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. एकाच वस्तूभोवती भरवशाचे असे तीन थर आहेत.

त्यानंतर आठ महिन्यांनी, २० मार्च २०२५ ला, या मालिकेचा नवा भाग 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' बाजारात आला. पहिल्याच दिवशी दहा लाखांहून जास्त लोकांनी तो सुरू केल्याचं कंपनीने जाहीर केलं. जपानमध्ये वाद पेटला, थेट संसदेत प्रश्न विचारला गेला. इकडे शेजारपाजारचे पालक विचारू लागले की मुलं सारखी 'यासुके, यासुके' करतात, ते काय आहे. संग्रहालयात भाच्याने विचारलेला प्रश्नच आता या गेमला विचारायचा आहे.

आधी हे कळू दे की हा गेम आहे तरी काय

युबिसॉफ्ट ही फ्रान्सची कंपनी. १९८६ मध्ये गिलेमो आडनावाच्या पाच भावांनी ती काढली. २००७ मध्ये तिने या मालिकेचा पहिला गेम आणला. तो ११९१ सालच्या धर्मयुद्धाच्या काळातल्या जेरुसलेम, दमास्कस आणि एकर या शहरांत घडतो. मग दर एक-दोन वर्षांनी एक नवा काळ, नवा देश. प्रबोधनकाळातलं फ्लॉरेन्स, राज्यक्रांतीतलं पॅरिस, क्लिओपात्राचा इजिप्त, नवव्या शतकातलं बगदाद. गोष्ट दरवेळी साधारण एकच असते. माणसांना ताब्यात ठेवू पाहणारा एक गट, आणि लपूनछपून त्याच्याशी लढणारा दुसरा.

हे 'ओपन वर्ल्ड' प्रकारचे गेम आहेत. म्हणजे ठरलेल्या एका वाटेनेच पुढे जा असं नसतं. आख्खा मुलूख समोर अंथरलेला असतो, कुठल्या घाटाने उतरायचं ते तुम्ही ठरवायचं. 'स्टेल्थ' हा दुसरा शब्द तेवढा लक्षात ठेवा. शत्रूला न दिसता काम उरकणं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे छाप्याच्या लढाईतली अर्धी करामत तीच होती.

'शॅडोज' घडतो १५७९ च्या पुढच्या जपानमध्ये. तिथे तेव्हा शंभर वर्षांहून जास्त काळ सरदारांच्या आपसांत लढाया चालू होत्या आणि ओदा नोबुनागा नावाचा सरदार एकेक मुलूख जिंकत देश एका छत्राखाली आणत होता. गेमला दोन नायक आहेत. नाओए ही इगा प्रांतातली मुलगी. हलकी, चपळ, भिंतीवर दोर टाकून चढणारी, दिवा विझवून अंधारात मिसळणारी. यासुके हा आफ्रिकेतून आलेला धिप्पाड योद्धा. त्याला धड चढता येत नाही, लपता येत नाही, पण तो दार फोडून आत शिरतो. एकच किल्ला दोघांच्या हाती दिला तर दोन वेगळ्या लढाया होतात. एक रात्री कड्यावरून चढून जाण्याची, दुसरी भर दिवसा महादरवाजावर धडक देण्याची.

इगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याला ते चटकन कळतं. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये खोरं, डोक्यावर कुणी मोठा राजा नाही. छोटे छोटे वतनदार एकमेकांत करार करून मुलूख सांभाळतात. मावळातल्या देशमुखांची खोरी डोळ्यांपुढे आणा. १५७९ मध्ये नोबुनागाच्या मुलाने तिथे चढाई केली आणि मार खाल्ला. १५८१ मध्ये स्वतः नोबुनागाने प्रचंड फौज घालून इगा उद्ध्वस्त केला. हे खरं आहे. नाओए मात्र कल्पनेतली आहे. तिच्या बापाचं नाव, फुजिबायाशी नागातो, हे इगाच्या इतिहासात आढळणारं नाव आहे. म्हणजे खऱ्या घराण्याच्या अंगणात लेखकांनी एक मुलगी उभी केली.

पूर्वजांच्या आठवणी रक्तात असतात का?

मुलं हेही विचारतात, म्हणून मधेच सांगतो. या मालिकेत 'अ‍ॅनिमस' नावाचं यंत्र आहे. माणसाच्या डीएनएतून त्याच्या पूर्वजांच्या आठवणी काढायच्या आणि त्या जगायच्या, अशी कल्पना. विज्ञानाला असं काही माहीत नाही. डीएनएमधून डोळ्यांचा रंग येतो, एखाद्या आजाराची प्रवृत्ती येते. पणजोबांनी कुठल्या लढाईत काय पाहिलं, ते येत नाही. कथेला आज आणि तेव्हा यांच्यामध्ये दार हवं होतं, ते या यंत्राने दिलं.

अंगणातला किल्ला आणि पडद्यावरचं जपान

गेममधला इतिहास समजायला मला सगळ्यांत उपयोगी पडली ती दिवाळीतल्या किल्ल्याची उपमा.

आपल्याकडे दिवाळीची सुट्टी लागली की पोरं दगड, विटा, जुनी पोती गोळा करतात. वर चिखल थापतात. अळीव पेरतात, चार दिवसांत हिरवंगार गवत उगवतं. बाजारातून मातीचे मावळे येतात, महाराज सिंहासनावर बसतात. हा प्रतापगड, असं पाटीवर लिहिलेलं असतं. पण मावळा दरवाजापेक्षा उंच असतो. गडाखालून निळ्या कागदाची नदी वाहते. एखाद्या पोराने पायथ्याला खेळण्यातली एसटीही उभी केलेली असते. कुणी त्या पोराला खोटारडा म्हणत नाही. कुणी त्या किल्ल्यावरून प्रतापगडाच्या बुरुजांची मोजमापंही काढत नाही.

गेम बनवणारे हेच करतात, फक्त हजारो हातांनी आणि अफाट पैशाने. ते तीन प्रकारे इतिहास वाकवतात.

एक म्हणजे आकसणं. जपानमधल्या हिमेजी ते क्योटो या शहरांतलं अंतर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, सातारा ते पुणे यापेक्षा थोडं जास्तच. ते सगळं जसंच्या तसं घडवलं तर खेळणारा तासन्‌तास नुसता घोडा पळवत बसेल. म्हणून मुलूख दाबून बसवलेला असतो आणि काही मिनिटांत माणूस एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात पोचतो. अंगणातही सज्जनगड आणि अजिंक्यतारा यांच्यात वीतभरच अंतर असतं.

दुसरं, ओळखीची खूण ठेवणं. याचं उत्तम उदाहरण जुन्या भागात आहे. २०१४ च्या 'युनिटी'मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातलं पॅरिस आहे आणि त्यात नोत्र-दाम हे प्रचंड चर्च आहे. गेममध्ये त्याच्या छतावर उंच सुळका दिसतो. प्रत्यक्षात मूळ सुळका त्या सुमारास उतरवलेला होता आणि आपण फोटोत पाहिलेला सुळका एकोणिसाव्या शतकातला. तरीही तो ठेवला, कारण तो नसता तर खेळणाऱ्याला हे नोत्र-दाम वाटलंच नसतं. १५ एप्रिल २०१९ ला त्या चर्चला आग लागली आणि तोच सुळका कोसळला. तेव्हा अशी बातमी फिरली की आता गेममधल्या नकाशावरून चर्च पुन्हा बांधतील. माझ्याकडेही ती व्हॉट्सअ‍ॅपवर चारदा आली. बांधकाम करणाऱ्यांना खरा उपयोग होणार होता तो अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने आधी लेझर यंत्राने केलेल्या काटेकोर मोजणीसारख्या गोष्टींचा. गेममधलं चर्च डोळ्यांना पटेल असं घडवलेलं होतं, गवंड्याला चालेल असं नव्हे. फरक समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तिसरं, जिथे कागद गप्प आहे तिथे भर घालणं. यासुकेची गोष्ट इथूनच सुरू होते.

यासुके खरा होता का?

होता. हे उत्तर आधी स्पष्ट देतो, कारण तो कंपनीने कल्पनेतून उभा केलेला माणूस आहे असं बऱ्याच जणांना वाटतं.

१५७९ मध्ये अलेस्सांद्रो वालिन्यानो हा इटालियन धर्मगुरू जपानला गेला. त्याच्या सोबत हा आफ्रिकी माणूस होता. १५८१ मध्ये क्योटोत त्याला पाहायला एवढी झुंबड उडाली की गर्दीत माणसं चेंगरली, असं धर्मगुरूंच्या पत्रांत आहे. नोबुनागाने त्याला बोलावून घेतलं. रंग खरा आहे का, म्हणून अंग धुवायला लावलं. मग त्याला आपल्याकडेच ठेवून घेतलं. मात्सुदाइरा इएतादा या सरदाराच्या रोजनिशीत १५८२ ची नोंद आहे. नाव यासुके, रंग शाईसारखा, उंची सहा शाकू दोन सून. जपानी मापातला एक शाकू जवळजवळ आपल्या फुटाएवढाच आणि सून हा त्याचा दहावा भाग, म्हणजे सहा फूट दोन इंच धरा.

तिसरा पुरावा ओता ग्यूइची याचा. हा नोबुनागाच्या पदरचा माणूस. धन्याच्या मृत्यूनंतर त्याने धन्याचा वृत्तान्त लिहिला. आपल्याला शिवाजी महाराजांची बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद आठवावा. महाराजांचा काळ पाहिलेला, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बसून लिहिणारा. अशा लेखनाचं वजन आणि मर्यादा आपण जाणतो. लिहिणारा जवळचा आहे, म्हणून मोलाचा. पण धन्याबद्दल प्रेम आहे, वर्षं उलटली आहेत, म्हणून सावधपणे वाचायचा. ओता सांगतो की हा माणूस सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता आणि दहा जणांपेक्षा जास्त ताकदीचा होता. त्याच्या लेखनाच्या एका प्रतीत असंही आहे की त्याला तनखा, एक छोटी तलवार आणि राहायला घर मिळालं.

मग २१ जून १५८२. क्योटोच्या होन्नो-जी मंदिरात नोबुनागा मुक्कामाला असताना त्याच्याच सरदाराने, आकेची मित्सुहिदेने, पहाटे वेढा घातला. नोबुनागा तिथेच संपला. यासुके त्याच्या मुलाकडे गेला, लढला, शेवटी त्याने तलवार शत्रूच्या हवाली केली. हा जपानी नाही, याला पाद्र्यांच्या मंदिरात सोडा, असं मित्सुहिदेने सांगितल्याची नोंद आहे. सोबत त्याने एक अपमानाचा शब्दही वापरला.

त्यानंतर यासुके कागदावरून नाहीसा होतो. म्हणजे नोबुनागाच्या पदरी सव्वा वर्ष, आणि एकंदर मोजक्या नोंदी. एका जाडजूड गेमला नायक म्हणून उभा राहणारा माणूस एवढ्याशा आधारावर उभा आहे. बाकी सगळं कल्पनेतून आलेलं आहे. त्याचं बोलणं, त्याचे मित्र, त्याची बालपणीची दुःखं, सगळं.

आपल्याकडच्या वाचकाला मात्र आफ्रिकेतला माणूस पूर्वेकडच्या राजाच्या फौजेत दिसला म्हणून धक्का बसायला नको. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जंजिऱ्याचा सिद्दी आपल्या इतिहासात पानोपानी भेटतो. यासुके क्योटोत होता, तेव्हा अंबर दख्खनमध्येच होता. हिंदी महासागराच्या वाऱ्यांवर जहाजं चालत होती, त्यांतून मसाला जात होता आणि माणसंही जात होती. बरीचशी आपल्या मर्जीविरुद्ध.

"पण तो सामुराई होता का? वाद तर त्यावरच आहे ना?"

हा आक्षेप रास्त आहे. कंपनीने जाहिरातीत त्याला ठामपणे सामुराई, म्हणजे सरदाराच्या पदरचा मानाचा योद्धा, म्हटलं होतं. वर सांगितलेल्या नोंदींत त्याला 'सामुराई' असं सरळ म्हटलेलं नाही. तनखा, घर, तलवार आणि धन्यासोबत वावर यावरून काही अभ्यासक म्हणतात की हे त्या दर्जाचंच लक्षण आहे. काही म्हणतात की तो जवळचा सेवक होता, हत्यारं सांभाळणारा.

मला वाटतं, यात निम्मा घोळ 'सामुराई' या शब्दाने घातला आहे. आपण तो शब्द सिनेमातून शिकलो. ठरलेली जात, ठरलेला पोशाख, दोन तलवारी. १५८० च्या आसपास या रेषा एवढ्या पक्क्या नव्हत्या. नोबुनागाचा सरदार हिदेयोशी गरीब घरातून वर आला आणि पुढे सगळ्या देशाचा मालक झाला. त्यानेच १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडची हत्यारं काढून घेतली आणि मग लढणारा वेगळा, कसणारा वेगळा, अशी भिंत उभी राहत गेली.

आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर होते. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, बारगिराला घोडं सरकारचं. आज कुणी एखाद्या माणसाबद्दल विचारलं की तो शिलेदार होता की बारगीर, तर आपण घोडं कुणाचं होतं ते कागदात पाहू. कागदात घोड्याचा उल्लेखच नसेल तर तिथे थांबू. यासुकेबद्दल तसंच. तो नोबुनागाच्या पदरी होता, त्याला मान होता, तो लढला. एवढं ठामपणे म्हणता येतं. खुद्द कंपनीनेही जुलै २०२४ मध्ये जपानी लोकांना उद्देशून काढलेल्या निवेदनात मान्य केलं की त्याला सामुराई म्हणणं हा चर्चेचा विषय आहे. जाहिरातीत जे ठाम सांगितलं, ते निवेदनात सैल केलं. मला ते निवेदन जास्त प्रामाणिक वाटलं.

जपानमध्ये लोक का दुखावले?

सगळा राग एकाच प्रकारचा नव्हता, हे वेगळं करून पाहायला हवं. यासुकेच्या रंगावरून इंटरनेटवर जी घाण ओतली गेली, तिला इतिहासप्रेम म्हणायचं कारण नाही. पण काही तक्रारी खऱ्या होत्या.

गेमच्या एका चित्रात सेकिगाहारा इथल्या एका पथकाचं निशाण परवानगी न घेता वापरलं गेलं होतं. हे आजचे लोक आहेत, जुन्या पोशाखात जुन्या बंदुकांची प्रात्यक्षिकं करणारे. कंपनीने माफी मागितली. दुसरी चूक मला फार जास्त बोचली. गेमसोबत विकायच्या एका मूर्तीत मागे एका पायावर उभी तोरी, म्हणजे शिंतो या जपानी धर्माच्या देवस्थानाची कमान, दाखवली होती. नागासाकीत अशी कमान खरोखर आहे. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बने तिचा दुसरा खांब उडवला आणि ती तशीच उभी राहिली. कुणीतरी फोटो पाहिला, छान दिसतंय म्हणून घेतला, त्यामागे काय आहे ते विचारलं नाही. मूर्ती मागे घ्यावी लागली.

तिसरं प्रकरण देवळाचं. हिमेजीतल्या एका खऱ्या देवस्थानाच्या आतल्या वस्तू गेममध्ये फोडता येतात, असे व्हिडिओ पसरले. मार्च २०२५ मध्ये जपानच्या वरिष्ठ सभागृहात एका सदस्याने तो प्रश्न काढला आणि तेव्हाचे पंतप्रधान शिगेरु इशिबा यांनी उत्तर दिलं. त्यांचा रोख खऱ्या देवळाची विटंबना खपवून घेता येणार नाही, याकडे होता. बाहेर मात्र पंतप्रधानांनी गेमवर हल्ला चढवला, अशा बातम्या झाल्या. कंपनीने गेम बाजारात आला त्याच दिवशी एक दुरुस्ती दिली आणि देवळांतली मेजं व मांडण्या फुटणार नाहीत असं केलं.

"अहो, शेवटी गेमच आहे. एवढं काय मनावर घ्यायचं?"

मी हे वाक्य खूपदा ऐकलं आहे आणि मला ते पटत नाही. चित्र डोक्यात घट्ट बसतं. पाठ्यपुस्तकातली सनावळी मुलगा परीक्षेनंतर विसरतो. पण ज्या गल्लीतून तो तासन्‌तास पळाला, ती गल्ली त्याला वर्षानुवर्षं आठवते. पण नाण्याची दुसरी बाजू अशी की हीच या माध्यमाची ताकद आहे. सोळाव्या शतकात रात्री खरोखर किती अंधार असायचा, हिवाळ्यात तळं गोठलं की चालण्याचा आवाज कसा बदलतो, उन्हाळ्यात गवत वाढलं की लपायला जागा कशी होते, हे 'शॅडोज' ऋतू बदलून दाखवतो. कितीही चांगला धडा हे देऊ शकत नाही.

या मालिकेने एक फार चांगली गोष्टही केली आहे. २०१८ पासून इजिप्तच्या आणि पुढे ग्रीसच्या भागाला त्यांनी लढाई काढून टाकलेली एक फेरी जोडली. नुसतं हिंडायचं, ठिकठिकाणी थांबून माहिती ऐकायची. आणि तिथे आम्ही इथे इतिहासापासून का हटलो, हेही बनवणाऱ्यांनी अधूनमधून सांगितलं आहे. 'शॅडोज'मध्ये तशी फेरी नाही, पण वाचायला माहितीकोश आहे. माझ्या भाच्याला मी हेच सांगितलं की लढाई संपली की तो कोश उघडायचा.

मुलांनी खेळावा का?

थेट सांगतो. युरोपात याला अठरा वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का आहे, अमेरिकेत सतरा. रक्त आहे, मुंडकी उडतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बरंचसं बंद करता येतं, हे पालकांना माहीत नसतं. साध्या मोबाइलवर तो चालतच नाही. ताकदीचा कॉम्प्युटर किंवा नवा कन्सोल लागतो आणि शंभर जीबीहून जास्त जागा. त्यामुळे घरातली बहुतेक पोरं तो खेळत नसून दुसऱ्याचा खेळ पाहत असतात. म्हणजे गोष्टही दुसऱ्याच्या तोंडची ऐकतात. एक संध्याकाळ शेजारी बसून पाहा आणि मधूनमधून विचारा, "हा माणूस खरा होता का रे?"

"मग आपल्या इतिहासावर असा गेम का नाही?"

भारत या मालिकेत येऊन गेला आहे. २०१६ मध्ये 'क्रॉनिकल्स इंडिया' नावाचा छोटा भाग आला, १८४१ सालच्या अमृतसरमध्ये सुरू होणारा. पण तो बाजूने पाहायचा, डावीकडून उजवीकडे पळायचा साधा गेम होता. मोकळा मुलूख नव्हता. माणसं नाहीत म्हणावं तर युबिसॉफ्टचा पुण्यात २००८ पासून स्टुडिओ आहे, आणि पौराणिक कथेवरचा 'राजी' हा गेम २०२० मध्ये पुण्याच्याच एका छोट्या चमूने जगापुढे नेला. हात आहेत. अडतो तो पैसा. आणि दुसरी भीती म्हणजे कागद गप्प असलेल्या जागी भर घातली की लोक काय म्हणतील.

ही भीती खोटी नाही. पण भर कुठे घातली हे उघड सांगितलं तर वाट निघते. भाच्याला घेऊन मी गेल्या हिवाळ्यात अजिंक्यताऱ्यावर गेलो आणि आम्ही तिथे बसून कागदावरच एक गेम मांडला. साताऱ्याचा वेढा, डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७००.

पक्कं काय आहे ते आधी लिहिलं. औरंगजेब स्वतः चालून आला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. परळीहून, म्हणजे आजच्या सज्जनगडाहून, परशुराम त्र्यंबक गडाला रसद पोचवण्याच्या खटपटीत. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं, वेढा चालूच. १३ एप्रिलला मोगलांनी सुरुंग उडवले. एका सुरुंगाने तट आत कोसळला, दुसऱ्याने बाहेरच्या बाजूला, चढाईसाठी सज्ज असलेल्या मोगलांच्याच अंगावर. शेकडो मेले. आठवड्याभरात गड वाटाघाटीने गेला आणि औरंगजेबाने मुलाच्या नावावरून त्याला आझमतारा म्हटलं. तो परत मिळाल्यावर अजिंक्यतारा झाला.

मग सांगितलेलं काय आहे ते लिहिलं. प्रयागजी प्रभू स्फोटात मातीखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले, असं सांगतात. याला त्याने वेगळ्या रंगाची खूण केली.

शेवटी भर. रात्री गडाच्या कड्यावरून दोर टाकून उतरणारी, वेढ्यातून सटकून परळीला निरोप नेणारी एक मुलगी. ती कुठल्याच कागदात नाही. समोर धुक्यात सज्जनगड दिसत होता. भाचा बराच वेळ मधली खोरी, ओढे न्याहाळत होता. मोगलांची छावणी कुठे असेल, चांदणं असेल तर ती कुठल्या बाजूने जाईल, हे विचारत होता. मग त्याने तिसऱ्या रंगाने तिचा रस्ता काढला आणि पेन्सिल कागदावर टेकवून म्हणाला, "मामा, हिचं नाव काय ठेवायचं?"